पंचांग हरवलेली माणसे

मॉरिशस देशाच्या सरकारी सुट्ट्यांची यादी समोर ठेवली, की त्या देशाचा निम्मा इतिहास वाचून होतो. नववर्षाचे दोन दिवस, तमिळांचे थैपुसम कावडी, चिनी वसंतोत्सव, महाशिवरात्र, तेलुगूंचा उगादी, रमजान ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, नाताळ. त्यांच्या जोडीला १२ मार्चचा राष्ट्रीय दिन आणि १ मेचा कामगार दिन. आणखी दोन तारखा मात्र अशा आहेत, की ज्यांच्यावर कोणत्याही धर्माचे किंवा भाषेचे नाव नाही. १ फेब्रुवारी हा गुलामगिरी संपल्याचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा करारबद्ध मजुरांच्या आगमनाचा दिवस. सुमारे साडेबारा लाख वस्तीच्या या द्वीपराष्ट्रात जगातील इतक्या धर्मांची पंचांगे एकत्र नांदताना पाहून प्रवासी हरखून जातात, आणि बहुतेक प्रवासवर्णने तेथेच थांबतात. हे सण या बेटावर कोणी आणले, आणि ज्यांना काहीच बरोबर आणता आले नाही त्यांचे काय झाले, हा प्रश्न त्या वर्णनांत सहसा येत नाही. आपल्या ख्रिस्तसभेचा या प्रश्नाशी फार जवळचा संबंध आहे, म्हणून तो येथे मांडावासा वाटतो.

मॉरिशसला मूळ रहिवासी नाहीत. अरब खलाशांना हे बेट ठाऊक होते, सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज जहाजे तेथून येत-जात, पण वस्ती कोणी केली नाही. १५९८ साली डच आले आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिस याचे नाव बेटाला दिले. त्यांनी शिशवी झाडांची जंगले तोडली, जावा बेटावरून ऊस आणून लावला, डोडो नावाचा उडता न येणारा पक्षी त्यांच्या काळात नामशेष झाला, आणि अखेर १७१० साली ते बेट सोडून निघून गेले. १७१५ साली फ्रेंचांनी ताबा घेतला. १७३५ पासून माहे द ला बुर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुई हे बंदर उभारले. बंदर, गोदामे, रुग्णालय, रस्ते यांसाठी हात हवे होते. ते हात मादागास्कर आणि मोझांबिकच्या किनाऱ्यांवरून, काही प्रमाणात बंगाल आणि दक्षिण भारतातूनही, साखळदंडांनी बांधून आणले गेले. त्याच काळात पाँडिचेरीहून तमिळ कारागीरही आले, पण त्यांतील पुष्कळजण स्वतंत्र म्हणून आले. या दोहोंतील फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला. स्वतंत्र माणूस आपल्याबरोबर देव्हारा, भाषा, आडनाव आणि तिथी-वार घेऊन येतो. गुलामाला जहाजावरच नवे नाव मिळते. एका गावची, एका भाषेची माणसे शक्यतो एकत्र राहू द्यायची नाहीत, ही मालकांची नेहमीची दक्षता. अशा माणसाने आपल्या पूर्वजांचा सण कोणाबरोबर आणि कोणत्या दिवशी साजरा करायचा?

येथे एक अवघड गोष्ट नमूद करणे भाग आहे. या माणसांना मिळालेले पहिले पंचांग आपले, म्हणजे कॅथॉलिक होते, आणि ते कायद्याने मिळाले. १७२३ सालच्या फ्रेंच राजाज्ञेने या बेटांवरील गुलामांना धर्मशिक्षण व स्नानसंस्कार द्यावा, आणि रविवारी व सणांच्या दिवशी त्यांच्याकडून काम करवून घेऊ नये, असे फर्मावले होते. त्याच राजाज्ञेत पळून जाणाऱ्या गुलामाचे कान कापण्याची शिक्षाही होती. एकाच कागदावर बाप्तिस्मा आणि कात्री! कागदावरचा रविवारही मळेवाल्यांच्या सोयीने पाळला जाई. धर्मगुरूंची संख्या अपुरी होती, आणि जे होते त्यांचा बहुतेक वेळ गोऱ्या कुटुंबांत जाई. परिणामी, गुलामांच्या कित्येक पिढ्या नावाने ख्रिस्ती झाल्या. श्रद्धेची ओळख त्यांना क्वचितच कोणी करून दिली.

तरीही माणूस सणावाचून राहत नाही. रात्री मळ्याच्या कडेला आग पेटवून, बकऱ्याचे कातडे ताणलेला ‘रावान’ नावाचा डफासारखा वाद्यप्रकार त्या आगीवर शेकून, पाय जमिनीवरून न उचलता घसटत नाचायचे, आणि मालकाची, दुःखाची, थट्टेची गाणी तिथल्या तिथे रचायची, असा एक प्रकार या लोकांनी घडवला. तो ‘सेगा’. त्याला ना तिथी होती ना देवता. काम संपले आणि मालकाचा डोळा चुकला, की तोच सणाचा दिवस. प्रतिष्ठित घरांत सेगाचे नाव काढणे असभ्य मानले जाई आणि धर्मगुरूंनाही त्याचे वावडे होते. पुढे एकविसाव्या शतकात, २०१४ साली, युनेस्कोने हाच सेगा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात घेतला. सेगाचा ज्येष्ठ गायक म्हणून ज्याचे नाव आदराने घेतले जाते तो ‘ती फ्रेर’ १९०० साली जन्मला आणि १९९२ साली वारला. हा मान पाहायला तो उरला नव्हता.

१८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. तहात त्यांनी रहिवाशांना त्यांचा धर्म, कायदे व चालीरीती राखण्याची हमी दिली. रहिवासी म्हणजे अर्थातच फ्रेंच मळेवाले. म्हणून इंग्रजांच्या राज्यात भाषा फ्रेंच, कायदा फ्रेंच आणि मोठ्या घरांचा धर्म कॅथॉलिक असा विचित्र मेळ राहिला. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. सुमारे सहासष्ट हजार माणसे मुक्त ठरली. ब्रिटिश सरकारने भरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली, ती गुलामांच्या मालकांना. मुक्त झालेल्यांना जमिनीचा तुकडाही मिळाला नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३९ पर्यंत त्यांना जुन्याच मालकाकडे राबावे लागले. ती मुदत संपताच त्यांतील बहुतेकांनी मळे सोडले आणि ते पोर्ट लुईच्या झोपड्यांत, समुद्रकाठच्या मासेमारांच्या वस्त्यांत आणि डोंगरउतारांवर पांगले. उसाच्या शेताकडे पुन्हा पाहू नये, असे त्यांना वाटले असेल तर त्यात नवल नाही.

या पांगलेल्या लोकांत १४ सप्टेंबर १८४१ रोजी एक फ्रेंच धर्मगुरू येऊन उतरला. जाक-देझिरे लावाल हे त्याचे नाव. १८०३ साली नॉर्मंडीत जन्मलेला हा माणूस आधी डॉक्टर होता. खेड्यांत त्याचा व्यवसाय चालला होता, घोड्यावरून फिरण्याची हौस होती, अंगावर चांगले कपडे असत. वयाच्या पस्तिशीत तो धर्मगुरू झाला आणि फादर लिबरमन यांनी गुलाम व मुक्त गुलामांच्या सेवेसाठी काढलेल्या नव्या संघात शिरला. बिशप कोलियर यांच्याबरोबर तो पोर्ट लुईला आला, तेव्हा शहरातील प्रतिष्ठितांना वाटले, आपल्यासाठी आणखी एक धर्मगुरू आला. लावाल यांनी त्यांना लवकरच निराश केले. ते क्रिओल भाषा शिकले. फ्रेंच शब्दांची मोडतोड म्हणून तेव्हा हिणवली जाणारी ही बोली, पण बेटावरच्या गुलामांनी आपापसांत बोलण्यासाठी घडवलेली तीच एक भाषा होती. दिवसभराचे काम उरकल्यावर संध्याकाळी येणाऱ्या स्त्री-पुरुषांना ते त्याच भाषेत धर्मशिक्षण देऊ लागले. मळेवाल्यांनी टवाळी केली, अडथळे आणले. लावाल यांनी वाद घातला नाही आणि आपली वेळही बदलली नाही.

त्यांच्या कामातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सहकारी धर्मगुरू येईपर्यंत थांबायला त्यांच्याजवळ वेळ नव्हता, म्हणून नुकत्याच मुक्त झालेल्या माणसांतूनच त्यांनी धर्मशिक्षक निवडले, त्यांत स्त्रियाही होत्या. गावोगावी या लोकांनी स्वतःच्या हातांनी गवताने शाकारलेली लहान प्रार्थनागृहे उभी केली. तेथे प्रार्थना चाले, आजाऱ्यांची विचारपूस होई, आणि ज्यांना गुलामीत कुटुंब म्हणून राहण्याचा हक्कच नव्हता अशी जोडपी तेथून विवाहसंस्कारासाठी पुढे येत. आज आपल्या धर्मग्रामांत प्रापंचिकांच्या सहभागाविषयी जे परिसंवाद भरतात, त्यांना हे उदाहरण कोणी सांगत नाही याचे आश्चर्य वाटते. १८५४ साली पटकीची साथ आली, तेव्हा जुना डॉक्टर पुन्हा कामाला लागला. शेवटची वर्षे आजारपणात काढून लावाल ९ सप्टेंबर १८६४ रोजी वारले. कोलंबियातील गुलामांची सेवा करणाऱ्या संत पीटर क्लावेर यांचा स्मरणदिन आज त्याच तारखेला पाळला जातो. सेंत-क्र्वा येथे त्यांना पुरले, आणि पहिल्या दिवसापासून लोक त्या थडग्याकडे चालत येऊ लागले.

अशा रीतीने ज्यांच्याजवळ स्वतःचे पंचांग नव्हते त्यांना एक तारीख मिळाली. ती रोमहून आलेली नव्हती. लावाल यांना धन्यवादित घोषित करण्यात आले ते १९७९ च्या २९ एप्रिलला, पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या पदावर आल्यानंतर केलेल्या पहिल्याच अशा विधीत. तोपर्यंत लोक त्यांच्या कबरीकडे शंभराहून अधिक वर्षे चालत होते.

लावाल बंदरात उतरले तेव्हा बेटाचा चेहरा बदलायला लागला होता. गुलाम मळे सोडतील हे मालकांनी आधीच ओळखले होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर पोर्ट लुईला आले. अंगठा उमटवून केलेल्या कराराने बांधलेली ही माणसे. ‘ॲग्रीमेंट’चे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि मॉरिशसचे ‘मिरिच’. पुढच्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांवर भारतीय या मार्गाने मॉरिशसला आले, आणि बहुतेक तेथेच राहिले. १८४९ साली पोर्ट लुईच्या धक्क्यावर त्यांच्यासाठी जो डेपो बांधला, त्याच्या सोळा दगडी पायऱ्या आजही आहेत. तोच ‘आप्रवासी घाट’. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले.

यांतील मोठा भाग बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील भोजपुरी बोलणाऱ्यांचा होता, त्यांच्यामागून तमिळ व तेलुगू आले. १८४२ साली मुंबई बंदरातूनही मजूर नेण्यास सरकारने परवानगी दिली आणि रत्नागिरीच्या परिसरातील व घाटावरील मराठी माणसे जहाजात चढली. डेपोतील कारकुनाने विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी आपले नाव आणि बापाचे नाव सांगितले. कारकुनाने ऐकू आले तसे लिहिले. कोकणातले आडनाव त्या नोंदवहीत हरवले, आणि एखाद्या आजोबाचे ‘जी’ लावलेले नाव पुढच्या पिढ्यांचे आडनाव बनले. भाषाही चार पिढ्यांत घराबाहेर फारशी उरली नाही. क्रिओलने तिची जागा घेतली. गणपती मात्र राहिला. हेन्रिएटा गावातील एका मराठी घराण्याने १८९६ साली तेथे गणेश चतुर्थी मांडली, ती मॉरिशसमधील पहिली असे मानले जाते. त्या सणात ‘झाकरी’ नाचतात. कोकणातल्या ज्या वाचकाने जाखडी पाहिली असेल त्याला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही.

मॉरिशसची गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी आपल्या कॅलेंडरातील चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते. २०२३ मध्ये आपल्याकडे चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि तेथील सुट्टी २० तारखेला. २०२५ मध्ये आपल्याकडे २७ ऑगस्टला आणि तेथे २८ ला. म्हणजे सुट्टी आहे ती विसर्जनाच्या दिवसाची. मुंबई-पुण्याच्या दहा दिवसांच्या सार्वजनिक उत्सवाची सवय झालेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल, पण कोकणातल्या घरगुती दीड दिवसाच्या गणपतीचा विचार केला की उलगडा होतो. टिळकांचा सार्वजनिक गणेशोत्सव पुण्यात रुजत होता, त्याच्या कितीतरी आधी या लोकांचे पूर्वज जहाजातून गेले होते. त्यांनी नेला तो त्यांच्या घरातला गणपती, आणि त्या देशाच्या राजपत्रात आज त्याचाच दीड दिवस नोंदला आहे.

सण नेले, ऋतू मात्र नेता आले नाहीत. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला. आपल्याकडे गणपती येतो तेव्हा भाताच्या लावण्या होऊन शेत हिरवे असते; तेथे तेव्हा हिवाळा सरत असतो आणि ऊसतोडणी जोरात चालू असते. महाशिवरात्र वादळांच्या मोसमात येते. पांढरे कपडे घालून, बांबूच्या सजवलेल्या कावडी खांद्यावर घेऊन हजारो लोक चालत ग्रां बासें या डोंगरातल्या तळ्याकडे जातात. पाऊस, वारा, काही का असेना. ही यात्रा १८९८ पासूनची. १९७२ साली गंगेचे पाणी आणून त्यात ओतले, तेव्हापासून ते ‘गंगा तलाव’ झाले. दिवाळी उन्हाळ्याच्या तोंडावर. आणि नाताळात? नाताळात मॉरिशसला लिची बाजारात येते आणि गुलमोहर फुलतो. आपल्याकडे मे महिन्यात, शाळांना सुट्टी लागल्यावर लाल होणारे ते झाड तेथे गोठ्यातल्या बाळ येशूच्या स्वागताला उभे असते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, गुलामांच्याच बेटाचा, हे लक्षात आले की त्या फुलांकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

सणांची देवाणघेवाण होते, आणि ती खरी आहे. दिवाळीत मिठाईची ताटे शेजारी जातात, ईदला बिर्याणी येते, चिनी वर्षारंभाला तांदळाच्या पिठाचा वाफवलेला चिकट केक येतो. डाळपुरी तर कोणत्याही धर्माची राहिलेली नाही. ती रस्त्यावर उभे राहून सगळेच खातात. चिनी कुटुंबे बहुसंख्येने कॅथॉलिक झाली, पण १८४२ सालच्या क्वान ती मंदिरात पूर्वजांसाठी उदबत्ती लावायला त्यांतील अनेकजण आजही जातात. या गोष्टी पर्यटकांसाठी मांडलेल्या नाहीत. एका आळीत दोन-चार पिढ्या राहिल्याने त्या आपोआप झाल्या.

परंतु याच पंचांगाला राजकारणाची एक बाजू आहे. स्वातंत्र्याच्या वाटाघाटींत प्रत्येक समाजाला आपले प्रतिनिधित्व कसे मिळेल ही मोठी चिंता होती. राज्यघटनेने लोकांचे चार गट मानले: हिंदू, मुसलमान, चिनी, आणि ‘सर्वसाधारण जनता’. आठ जागा अशा ठेवल्या, की निवडणुकीत ज्या गटाला कमी प्रतिनिधित्व मिळेल त्यातील पराभूत उमेदवारांतून त्या भरायच्या. यातील चौथा गट पाहा. पहिल्या तिघांना नाव आहे. गोरे फ्रेंच मळेवाले आणि त्यांच्या गुलामांचे वंशज यांना मात्र एकाच गाठोड्यात बांधून ‘सर्वसाधारण’ म्हटले आहे, कारण दोघेही ‘इतर कोणी नाहीत’. हिंदूंतही मराठी, तमिळ व तेलुगू लोकांनी आपले वेगळेपण सांगण्यासाठी आपापला सण पुढे केला आणि त्याची सुट्टी मिळवली. ज्या समाजाचे पूर्वजांचे गाव, भाषा, देवता कागदावर दाखवता येतात त्याला हे जमते. क्रिओल माणूस कोणता गाव दाखवणार?

स्वातंत्र्य मिळण्यापूर्वी दोनच महिने, जानेवारी १९६८ मध्ये, पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान वस्त्यांत दंगल पेटली. ती शमवायला ब्रिटिश फौज आणावी लागली. १२ मार्च १९६८ रोजी झेंडा फडकला तेव्हा राजधानीतील कित्येक घरे ओस पडलेली होती, माणसे मोहल्ले बदलून गेली होती. त्यानंतरच्या तीस वर्षांत साखर, कापड आणि पर्यटन यांच्या बळावर देशाने चांगली प्रगती केली. त्या प्रगतीत क्रिओल वस्त्या मागे राहिल्या. १९९३ साली एका क्रिओल धर्मगुरूनेच या दुखण्यावर जाहीरपणे बोट ठेवले आणि ‘क्रिओल अस्वास्थ्य’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत रूढ झाला. त्या बोलण्यात ख्रिस्तसभेलाही सोडलेले नव्हते. ज्या लोकांनी देवळे भरली, त्यांची भाषा, त्यांचे वाद्य, त्यांची माणसे वेदीपासून दूर का, असा तो प्रश्न होता. सेगाचा रावान देवळात वाजू लागला आणि क्रिओल गीते मिस्सेत म्हटली जाऊ लागली ती गेल्या काही दशकांत. लावाल यांनी ती भाषा १८४१ मध्ये शिकली होती.

२१ फेब्रुवारी १९९९ रोजी काया या नावाने लोकप्रिय असलेला क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला. सेगा आणि जमैकाचे रेगे यांचे मिश्रण करून ‘सेगे’ हा प्रकार त्याने रूढ केला होता. बातमी पसरताच देशभर उद्रेक झाला. चार दिवस जाळपोळ चालली, माणसे मेली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कासम उतीम हे मुसलमान, आणि कार्डिनल जाँ मार्जेओ हे मॉरिशसचे पहिले कार्डिनल. दोघेही बेटभर फिरले आणि त्यांनी लोकांना घरी परतण्याची विनवणी केली. चौथ्या दिवशी शांतता आली.

१ फेब्रुवारीला सरकारी सुट्टी मिळाली ती त्यानंतर, २००१ पासून. गुलामगिरी संपून तोवर १६६ वर्षे झाली होती. तिच्याबरोबरच २ नोव्हेंबरलाही सुट्टी मिळाली. आपल्याकडे अशा निर्णयांना कोणी ‘मतांचे राजकारण’ म्हणून मोडीत काढील, आणि त्यात काही तथ्यही असेल. पण १ फेब्रुवारीच्या सकाळी ल मॉर्न या डोंगराच्या पायथ्याशी जमणाऱ्यांच्या दृष्टीने तो हिशेब निराळा आहे. समुद्राकडे झुकलेल्या या पाचशे छप्पन्न मीटर उंचीच्या कड्यावर पळालेले गुलाम लपून राहत. १८३५ च्या फेब्रुवारीत मुक्तीची बातमी सांगायला शिपाई वर चढू लागले, ते आपल्याला पकडायलाच येत आहेत अशा समजुतीने लपलेल्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी दंतकथा आहे. कागदोपत्री तिचा पुरावा नाही. ल मॉर्न २००८ साली जागतिक वारसा झाला, तेव्हा या मौखिक स्मृतीचीही दखल घेतली गेली. २०१२ पासून प्राथमिक शाळांत क्रिओल हा ऐच्छिक विषय झाला आहे.

आता पुन्हा सप्टेंबर महिन्याकडे येऊ. ८ सप्टेंबरची संध्याकाळ झाली, की बेटाच्या चारही दिशांनी माणसे सेंत-क्र्वाच्या रस्त्याला लागतात. काही वीस-पंचवीस मैल चालत येतात. रात्रभर ओघ चालू असतो आणि मिस्सा होत राहतात. रांगेत साडी नेसलेल्या, कुंकू लावलेल्या बायका असतात, मुसलमान असतात, चिनी असतात. काचेखाली पहुडलेल्या फादर लावाल यांच्या प्रतिमेजवळ येऊन सगळे सारख्याच रीतीने हात जोडतात किंवा काचेला हात लावतात. आपल्याकडे बांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत हे दृश्य दिसते, आणि तीही पवित्र मरियेच्या ८ सप्टेंबरच्या जन्मोत्सवाशीच बांधलेली. त्यामुळे आपल्याला याचे अप्रूप नाही. लक्षात ठेवण्याजोगे हे, की मॉरिशसमधील एवढ्या सणांपैकी ज्या यात्रेला सर्व समाज स्वतःच्या पायांनी येतात, ती त्या ‘सर्वसाधारण’ म्हटलेल्या लोकांनी सुरू केलेली आहे. आणि तिला सरकारी सुट्टी नाही. पोप फ्रान्सिस २०१९ साली मॉरिशसला गेले, ते नेमके ९ सप्टेंबरला. लावाल यांच्या कबरीपाशीही ते थांबले.

२०२४ साली पंचांगांनी एक योग जुळवून आणला. ७ सप्टेंबरला चतुर्थी, म्हणून ८ ला गणपती विसर्जनाची सुट्टी. त्या दिवशी कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज झाकरीच्या तालावर मूर्ती घेऊन नदीकडे आणि समुद्राकडे निघाले, आणि तो दिवस मावळताच सेंत-क्र्वाची रात्र सुरू झाली. एकाच दिवसात दोन्ही यात्रा करणारे लोक त्या बेटावर असणार, यात शंका नाही.

सुट्ट्यांच्या यादीतील एक तपशील सांगायचा राहिला. सुट्ट्या फार झाल्या अशी उद्योगधंद्यांची कुरकुर तेथेही चालू असते. अलीकडच्या वर्षांत कॅथॉलिकांच्या वाट्याला नाताळाखेरीज एकच सुट्टी उरली आहे. ती एका वर्षी १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला मिळते आणि दुसऱ्या वर्षी १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला. ज्या वर्षी ती ऑगस्टमध्ये खर्ची पडते, त्या वर्षी कबरी स्वच्छ करायला आणि फुले वाहायला १ तारखेला सवड मिळत नाही. पण २ नोव्हेंबरची सुट्टी दरवर्षी असते. ‘ॲटलस’ जहाज बंदराला लागले ती तारीख, आणि आपल्या पंचांगात सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. सकाळी आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्यांपाशी मंत्री आणि शाळांची मुले पुष्पचक्रे घेऊन जमतात. स्मशानभूमीच्या फाटकापाशी शेवंतीचे ताटवे विकायला बसलेले असतात. घाटाच्या शेजारीच ला बुर्दोनेच्या काळात गुलामांनी बांधलेल्या लष्करी रुग्णालयाची जुनी दगडी इमारत आहे. २०२३ पासून तेथे गुलामगिरीचे संग्रहालय उघडले आहे. दोन्हींमधले अंतर चालत काही मिनिटांचे आहे.